गोळ्या सोडायला लावणारा ‘सकारात्मक’ संदेश

गेल्या महिन्यात सोलापूरला आत्याकडे गेले, तेव्हा देवघराच्या खणात मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या तीन पट्ट्या सापडल्या. त्यांतली एकही गोळी काढलेली नव्हती. विचारल्यावर तिने मोबाइल पुढे केला. नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेल्या संदेशात चार दावे होते: नव्वद टक्के आजार नकारात्मक विचारांतून होतात, आनंदी माणसे जास्त जगतात, सकारात्मक विचारांपुढे कर्करोगही हरतो, आणि एकवीस दिवस पहाटे ‘मी निरोगी आहे’ असे म्हणून गोळ्या सोडल्या की साखर आपोआप उतरते, कारण गोळी घेणे म्हणजे स्वतःच्या मनावर अविश्वास दाखवणे.

शेवटच्या दाव्यापासूनच सुरुवात करते, कारण घात त्यानेच केला. टाइप 2 मधुमेहात शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही आणि यकृत गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात सोडत राहते. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताच्या या कामाला आवर घालते. वाढलेली साखर बहुधा दुखत नाही, त्यामुळे गोळ्या सोडलेल्या माणसाला काही दिवस बरेच वाटते आणि तेच त्याला संदेश खरा ठरल्याचे लक्षण वाटू लागते. आत्याच्या टाचेच्या भेगेत जखम झाली होती, पंधरा दिवस भरली नव्हती, आणि ती दुखत नाही याचेच तिला समाधान होते. वास्तविक मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात म्हणून जखम दुखत नाही. रिकाम्या पोटीची साखर 268, म्हणजे खूपच जास्त, निघाली. त्यावर ती मला म्हणाली, “माझाच विश्वास कमी पडला असेल गं.” या वाक्याचा मला सर्वांत जास्त संताप येतो, कारण औषध बंद करायला सांगून हा संदेश वर आजाराचा दोषही आजारी माणसाच्याच माथी मारतो.

मानसिक ताणामुळे साखर वाढू शकते, हे खरे आहे. त्यासाठी ताण कमी करावा, झोप नीट घ्यावी. गोळी सोडण्याचे कारण त्यात कुठेच नाही.

नव्वद टक्क्यांचा आकडा कोठून आला, हे संदेशात सांगितलेले नाही. सोलापूरच्या पूर्व भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका वर्षानुवर्षे तंबाखूची धूळ नाकातोंडात घेतात, यंत्रमागावरची माणसे कापसाच्या तंतूंत दिवस काढतात. त्यांचा खोकला त्यांच्या विचारांतून आला, असे त्यांच्या तोंडावर कोण म्हणेल?

कर्करोगाबद्दल 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. डोके व मानेचा कर्करोग झालेल्या 1,093 रुग्णांत मनःस्थिती चांगली असण्याचा आणि जास्त काळ जगण्याचा संबंध आढळला नाही.

राहिला आनंदी माणसांचा दावा. अमेरिकेत 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आशावादी स्वभाव आणि दीर्घायुष्य यांचा संबंध दिसला, एवढे मान्य करते. मात्र औषध सोडून कोणी जास्त जगले, असे त्यात म्हटलेले नाही. त्याहून बोलका अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2015 मध्ये प्रसिद्ध केला. ब्रिटनमधील 7 लाख 19 हजारांहून अधिक स्त्रियांच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदी पाहिल्यावर, आधीचे आजारपण हिशेबात घेताच, आनंदी आणि दुःखी स्त्रियांच्या मृत्युदरात फरक उरला नाही. आजारी माणूस दुःखी होतो आणि आजारी माणूस लवकर जातो. संदेशाने कारण आणि परिणाम यांचीच अदलाबदल केली.

आत्या मुळात आनंदी बाई आहे. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालणे, एरवी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी मैत्रिणींबरोबर बसणे, यात तिच्या जगण्याचा अर्थ आहे, आणि तिथवर चालत जायला तिला तिचे पाय शाबूत हवेत. आता ती गोळी घेते आणि जखमेला रोज ड्रेसिंग होते. ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला, त्यांनी त्याच ग्रुपवर, त्याच माणसांना, तो चुकीचा असल्याचे आजच कळवावे आणि आणखी कोणी गोळ्या सोडल्या आहेत का, हे फोन करून विचारावे.