डॉट कॉटनला 'आंधळी आई' म्हणू नका

बीबीसीच्या 'ईस्टएंडर्स' या ब्रिटिश सिरीयलमधल्या डॉट कॉटनबद्दल एक मत इतक्या वेळा शेअर होतं की आता लोक ते खरंच मानायला लागलेत. थोडक्यात ते असं: डॉट म्हणजे हातात सिगरेट आणि तोंडात बायबल असलेली, देवधर्माचं ढोंग करणारी भोचक म्हातारी, गुन्हेगार पोराला आंधळ्या आईसारखं आयुष्यभर पदराखाली घेतलं, शेवटी स्वतःच त्याला मारलं, आणि तिचं कौतुक होतं ते फक्त जुनी म्हणून. मला हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे आणि म्हणूनच ते पटकन पटतं. म्हणून एकेक घेऊ.

आधी भोचकपणा. हो, होती ती भोचक, नाही कोण म्हणतंय? 1985 च्या जुलैमध्ये डॉट पहिल्यांदा दिसली, सिरीयल सुरू होऊन जेमतेम पाच महिने झाले होते, आणि ती आली तीच मुळात त्या गुन्हेगार पोराची, निक कॉटनची आई म्हणून. वॉलफर्डच्या (सिरीयलमधला लंडनचा काल्पनिक भाग) लॉन्ड्रीत पॉलीन फाऊलरबरोबर कामाला, आणि लॉन्ड्री म्हणजे अख्ख्या अल्बर्ट स्क्वेअरचे, म्हणजे तिथल्या चौकातल्या सगळ्यांचे कपडे आणि अख्ख्या अल्बर्ट स्क्वेअरच्या भानगडी. एकटीने बाळ वाढवणाऱ्या मेरी नावाच्या पोरीबद्दल डॉट काय काय बोलली, आणि कॉलिन आणि बॅरी हे दोघं पुरुष जोडीने राहतात म्हटल्यावर तर तिचं डोकंच फिरलं, एड्सच्या भीतीने ती नाही नाही ते बोलली. 1980 च्या दशकात लंडनच्या ईस्ट एंडमधल्या तिच्या वयाच्या कितीतरी बायका हेच बोलत असणार, आणि लिहिणाऱ्यांनी ते लपवलं नाही, म्हणून मला ती खरी वाटते. पण हे मत शेअर करणारे इथेच थांबतात. नंतर तीच डॉट कॉलिनची मैत्रीण झाली हे सांगतच नाहीत. बेघर, पोटुशी डिसा आली तेव्हा तिला आधार देणारी डॉटच, आणि डिसाने बाळ टाकलं ते डॉटच्याच दारात, कारण त्या पोरीला माहीत होतं की हे दार उघडणार. बोलायला कडक आणि दार उघडायला पहिली, अशी माणसं आपण प्रत्येकाने पाहिलेली असतात.

'देवधर्माचं ढोंग' हा आरोप मला सगळ्यात जास्त लागतो. ढोंगी माणूस नियम दुसऱ्याला लावतो. डॉट दुसऱ्यांना लावायची हे खरं, पण स्वतःला त्याच्या दसपट लावायची. 2000 सालची एथेलची गोष्ट आठवा. एथेल, तिची जुनी मैत्रीण, कॅन्सर शेवटच्या टप्प्यात, आणि एथेल तिच्याकडे मागते काय तर मरायला मदत. डॉटसाठी हे महापाप, म्हणजे अगदी नरकात नेणारं. ती नाही म्हणते, रडते, देवाशी भांडते आणि शेवटी मैत्रिणीला गोळ्या देते. त्यानंतर ढोंगी बाई काय करेल? गप्प बसेल, कोणाला कळणार होतं? डॉटने कबुली दिली, आणि कोणी शिक्षाच करेना म्हटल्यावर दुकानात चोरी केली, का तर कशासाठी तरी शिक्षा मिळावी म्हणून. सत्तरीकडे झुकलेली बाई, अंगावर नीटनेटका कोट, आणि दुकानातली वस्तू मुद्दाम उचलते. याला ढोंग म्हणायचं असेल तर मग श्रद्धा कशाला म्हणायचं ते मला सांगा.

आता मुख्य मुद्दा, निक. 'आंधळी आई'. बघा, निकने काय काय केलं ते डॉटला प्रेक्षकांइतकंच माहीत होतं. 1990 मध्ये ती बिंगोमध्ये पैसे जिंकली तर हा पठ्ठ्या देवभक्त झाल्याचं नाटक करत घरी आला आणि तिला हळूहळू विष द्यायला लागला, शेवटच्या घटकेला त्याचा हात थांबला म्हणून वाचली. पुढे तो हेरॉइनच्या पार आहारी गेला तेव्हा तिने त्याला खोलीत कोंडून ठेवलं, बाहेर आई, आत शिव्या देणारा पोरगा. तो तिथून निसटला आणि त्याच्या हातून खून झाला. 2001 मध्ये त्याने पॉलीनच्या मुलाच्या, मार्क फाऊलरच्या मोटरसायकलचे ब्रेक कापले आणि त्या गाडीवर बसला त्याचाच मुलगा ॲशली, डॉटचा नातू. ॲशली गेला. त्यानंतर डॉटने निकला जवळ नाही घेतलं, हाकलून दिलं. आंधळी आई हाकलत नाही हो. तिला सगळं दिसत होतं आणि तरी पोटचा गोळा म्हणून आतडं तुटायचं, या दोन गोष्टी एकाच बाईत एकाच वेळी असू शकतात हे ज्यांना मान्यच करायचं नाही तेच तिला आंधळी म्हणतात.

'शेवटी स्वतःच मारलं' यावर मी डॉटची वकिली करणार नाही, तिने स्वतःही केली नाही. फेब्रुवारी 2015, सिरीयलला 30 वर्षं झाली म्हणून लाइव्ह एपिसोडचा आठवडा होता. निकने परत एका गाडीचे ब्रेक खराब केलेले, त्यात एक जीव गेलेला आणि त्याच्या दुसऱ्या मुलाची नवी बायको कोमात. खराब हेरॉइन घेऊन तो आईच्या समोर कोसळतो. डॉट ॲम्ब्युलन्स बोलवत नाही. ती प्रार्थना करते आणि निकचं काय करायचं ते देवावर सोडते, त्याला कुशीत घेऊन बसते. मारलं नाही, पण वाचवलंही नाही. आणि हा फरक मोठा आहे की छोटा, यावर वकिलांनी तिला वाट काढून दिली असती तरी तिने गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेली. एथेलच्या वेळी जी शिक्षा तिला कोणी दिली नव्हती ती पंधरा वर्षांनी तिने स्वतःहून मागून घेतली, मला तरी तो धागा सरळ दिसतो.

राहिलं 'फक्त जुनी म्हणून कौतुक'. याला माझं उत्तर 31 जानेवारी 2008 चा एपिसोड. नवरा जिम पक्षाघाताने हॉस्पिटलमध्ये (जिमचं काम करणारे जॉन बार्डन यांना खरंच 2007 मध्ये स्ट्रोक आला होता), आणि डॉट त्याच्यासाठी टेपरेकॉर्डरवर निरोप बोलते. बस, एवढंच. अर्धा तास एकटी बाई, समोर टेप. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिला लहानपणी वेल्सला पाठवलं होतं, तिथे विल आणि ग्वेन या जोडप्याने तिला कसं लाडात ठेवलं, मग परत लंडनला यावं लागलं, हे सगळं बोलता बोलता ती खऱ्या गोष्टीवर येते की जिमची सेवा करायला घरी आणायची तिला भीती वाटते, तिला झेपणार नाही. जी बाई आयुष्यभर लोकांना कर्तव्य शिकवत आली ती नवऱ्याला हे सांगतेय. ब्रिटिश सोपमध्ये, म्हणजे अशा वर्षानुवर्षं चालणाऱ्या सिरीयलमध्ये, एका कलाकाराने अख्खा एपिसोड एकट्याने पेलण्याची ही पहिलीच वेळ होती आणि डॉटचं काम करणाऱ्या जून ब्राऊन यांना त्यासाठी 2009 मध्ये बाफ्टा या मोठ्या ब्रिटिश पुरस्काराचं नामांकन मिळालं, तेही बेस्ट ॲक्ट्रेसचं, सिनेमे आणि मोठ्या सिरीज करणाऱ्यांच्या रांगेत. तेव्हा त्या ऐंशी पार केलेल्या होत्या. जुनी म्हणून कोणी अर्धा तास एकट्या बाईकडे टक लावून बघत नाही.

जून ब्राऊन एप्रिल 2022 मध्ये गेल्या, 95 वर्षांच्या होत्या. त्याच डिसेंबरमध्ये सिरीयलमध्ये डॉटचा अंत्यविधी दाखवला. त्याला कोण कोण आलं होतं बघा: मेरी आली होती, डिसा आली होती, आणि कॉलिन आणि बॅरी दोघंही आले होते.