आईचा आयशॅडो सेट, भिशीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड आणि सुरम्याची डबी

गेल्या महिन्यात आईची साठी झाली. मी आणि धाकट्या बहिणीने मिळून तिला मेटॅलिक आयशॅडोचा गिफ्ट सेट दिला, नऊ शेड्सचा. आईने जन्मभर शाळेत शिकवलं, तिचा मेकअप म्हणजे पावडर, टिकली आणि लग्नकार्याला लिपस्टिक. पण त्या दिवशी खिडकीशी बसून तिने एकेक शेड बोटाने मनगटावर ओढून बघितली, तांब्याच्या शेडवर आली तेव्हा हात उजेडात इकडेतिकडे फिरवून म्हणाली, "अगं, पैठणीच्या काठासारखं हलतंय हे." मग मीच तिच्या पापणीवर अनामिकेने थोपटून लावून दिलं (शिमर ब्रशपेक्षा बोटानेच बसतं, ब्रशने अर्धं गालावर सांडतं). इतकी छान दिसत होती.

चार दिवसांनी बघते तर सेट कपाटाच्या वरच्या फळीवर, रबरबँड लावून. आणि देवघराशेजारी सुरम्याची एक डबी. भिशीतल्या एका काकूंनी दिलेली, बहिणीच्या दीड महिन्याच्या बाळासाठी. कारण काय तर ग्रुपवर आलेला फॉरवर्ड, "सर्व महिलांपर्यंत पोचवा" वाला. त्यात लिहिलेलं थोडक्यात असं: मेटॅलिक आयशॅडोची चमक शिशाची आणि पाऱ्याची असते, खात्री करायची तर सोन्याची अंगठी घासा, काळी रेघ उठली की शिसं. ते पापणीतून थेट मेंदूत जातं. त्यात काचेचा चुरा असतो, माशांचे खवले आणि किड्यांचं रक्त असतं. म्हणून ते फेकून द्या आणि नैसर्गिक दगडाचा सुरमा वापरा, तान्ह्या बाळालाही घाला, डोळे मोठे आणि तेजस्वी होतात.

हे वाचून माझं डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी अंगठी, कारण आईचा विश्वास त्याच्यावरच बसला होता. तिने स्वतः करून बघितलं होतं, ब्राँझ शेड मनगटावर लावून अंगठी घासली आणि खरंच करडी-काळी रेघ उठली. मी म्हटलं थांब, पांढरा रुमाल घे, त्यावर आपली रोजची टूथपेस्ट लाव आणि तीच अंगठी घास. रुमाल काळा झाला. आता टूथपेस्टमध्ये शिसं आहे म्हणायचं का? सोनं मऊ असतं, त्याच्यापेक्षा कडक कुठलीही बारीक पूड त्यावर घासली की सोन्याचाच अगदी सूक्ष्म कीस निघतो आणि इतका बारीक कीस काळा दिसतो. आयशॅडोत टायटॅनियम डायऑक्साइड असतो, तो सोन्यापेक्षा दुप्पट तरी कडक. म्हणजे ती काळी रेघ अंगठीची आहे, आयशॅडोची नाहीच. शिसं लॅबमध्ये मशीनवर तपासतात, घरी अंगठीने नाही. हीच ट्रिक वीसेक वर्षांपूर्वी लिपस्टिकच्या नावाने ईमेलवर फिरायची, आता आयशॅडोच्या नावाने आली एवढंच. आणि दरवेळी कुणाची तरी अंगठी झिजते ती वेगळीच.

मग चमक येते कुठून? अभ्रकातून. अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा आयर्न ऑक्साइडचा पातळ थर देतात, थराच्या वरून आणि खालून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतो आणि हात हलवला की रंग बदलतो, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा. डबीमागे रंगांचे ठरावीक नंबर (सीआय) छापलेले असतात: सीआय 77019 म्हणजे अभ्रक, 77891 टायटॅनियम डायऑक्साइड, 77491 तांबडा आयर्न ऑक्साइड, म्हणजे तुळशीवृंदावनाला लावतो त्या गेरूचा जो रंग असतो तोच. काही शेड्समध्ये खरा धातू असतो हे मान्य, ॲल्युमिनियम किंवा तांब्याची-ब्राँझची पूड, पण अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि प्रसाधनांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) ती डोळ्यांभोवती वापरायला परवानगी दिलेली आहे.

शिशाबद्दल आपला कायदाही आहे. रंग यावा म्हणून शिशाची संयुगं घालायला बंदी आहे आणि रंगात अशुद्धी म्हणून राहून गेलेलं शिसं 20 पीपीएमच्या वर चालत नाही, म्हणजे एका किलोत 20 मिलिग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, खाली लागणार आहे. पाऱ्याबद्दल मात्र मला थोडं मान्य करावं लागेल, डोळ्यांच्या प्रसाधनात टिकाऊपणासाठी 70 पीपीएमपर्यंत पाऱ्याची सूट आपल्या 2020 च्या नियमांत दिलेली होती आणि मला ती कधीच पटली नाही. पण तो चमकेसाठी नसतो, आणि आईच्या सेटच्या यादीत पाऱ्याचं एकही संयुग नाही, मी भिंग घेऊन वाचलीय. फुटपाथवर मिळणारं, ज्याच्यावर ना बॅच नंबर ना इम्पोर्टरचं नाव-पत्ता, असं पॅलेट असेल तर ते नका घेऊ, तिथे मी कुणाचीच बाजू घेणार नाही.

थेट मेंदूत वगैरे काही जात नाही. हे रंग विरघळतच नाहीत, कातडीवर बसून राहतात आणि रात्री धुतले जातात. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ हे खरं, म्हणून कुणाला खाज येऊ शकते, लालसर होऊ शकतं, तसं झालं तर बंद करा. लेन्स वापरत असाल तर लेन्स आधी घाला, मेकअप नंतर. आणि ब्रश एकमेकींचा वापरू नका, डोळे आलेले असताना तर नाहीच.

काच? काही महागड्या शिमरमध्ये बोरोसिलिकेट काचेचे पापुद्रे असतात खरे, अगदी बारीक, खास मेकअपसाठी बनवलेले. बाटली फोडून चुरा केलेला नसतो. भीती घालायचीच होती तर स्टेशनरीच्या दुकानातल्या चमकीची घालायची होती, नवरात्रात मुली गरब्याला पापणीवर चिकटवतात ती. ती प्लॅस्टिकची, टोकदार कडांची असते, डोळ्यात गेली आणि चोळलं की बुबुळावर ओरखडा येतो.

खवले आणि किडे, ठीक आहे, यात तथ्य आहे. माशांच्या खवल्यांतून काढलेला ग्वानिन (सीआय 75170) पूर्वी मोत्यासारखी चमक आणायला वापरायचे, आता क्वचितच. कार्माइन (75470) कोचिनियल किड्यापासून येतो, लाल-गुलाबी-जांभळ्या शेडमध्ये आजही असतो. आईच्या जांभळ्या शेडमध्ये आहे. तिला सांगितलं, ती म्हणाली मग ती नको मला. बरोबर आहे, हा तिचा प्रश्न. पण त्याने विषबाधा होत नाही.

आणि ज्याने खरंच अस्वस्थ व्हावं ते त्या फॉरवर्डमध्ये नाहीच. हे अभ्रक झारखंडमध्ये कोडरमा-गिरिडीहच्या जंगलात मुलं वेचतात. तिकडे त्याला ढिबरा म्हणतात. जुन्या बंद पडलेल्या खाणींच्या बिळांत शिरून टोपल्या भरतात आणि बीळ ढासळलं की गाडली जातात. 2016 मध्ये पत्रकारांनी तिथे जाऊन दोन महिन्यांत किमान सात मुलांचे मृत्यू उघडकीला आणले होते. सेट घेताना मी हे बघितलं नव्हतं, पुढच्या वेळी अभ्रक कुठून आणलंय ते विचारून किंवा कृत्रिम अभ्रकाचा घेईन.

आता तो सुरमा. एफडीएचं एक पान आहे, काजळ, कोहल, सुरमा कुठल्याही नावाने आलं तरी शिशाच्या विषबाधेपासून सावध राहा असं सांगणारं. हे अमेरिकेत कायदेशीर रंग म्हणून मान्यच नाहीत. का, तर तो "नैसर्गिक दगड" बऱ्याचदा गॅलेना असतो, म्हणजे शिशाचं सल्फाइड, आणि काही नमुन्यांत निम्म्याहून जास्त वजन शिशाच्या सल्फाइडचंच निघालंय. वरचा आकडा आठवा. तिथे एका किलोत 20 मिलिग्रॅमच्या वर बंदी आणि इथे किलोमागे शेकडो ग्रॅम. आणि हे कुणाला घालायचं, तर दीड महिन्याच्या बाळाला! बाळ डोळे चोळतं, तीच मूठ तोंडात घालतं, शिसं पोटात जातं आणि वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नैसर्गिक आहे म्हणे. शिसंही नैसर्गिकच आहे.

आई म्हणाली, आम्ही तुम्हाला घातलंच ना काजळ. हो, ते तुपाच्या दिव्याचं, तांब्याच्या ताटलीवर धरलेलं, ती काजळी होती, त्यात शिसं नव्हतं. तरी तेही बाळाच्या डोळ्यांत नको, आपल्या आशाताईसुद्धा घरी येऊन हेच सांगतात, बोटाचे जंतू डोळ्यात जातात म्हणून. डोळे काही त्याने मोठे होत नाहीत. आजीला बाळाला दृष्ट लागायची काळजी असेल तर तळपायाला तीट लावा.

डबी मी पिशवीत बांधून टाकून दिली आणि हे सगळं भिशीच्या ग्रुपवर आईच्या फोनवरून टाकलं. दोघी-तिघींनी नुसते हात जोडले. रात्री साडेदहाला डबी देणाऱ्या काकूंचा मला फोन आला. त्यांच्या नातवाला जन्मापासून तोच सुरमा घालतात, आता सव्वा वर्षाचा आहे. आवाज कापत होता त्यांचा. मी म्हटलं, काकू, तुम्ही आजपासून बंद करा, रक्तातलं शिसं मोजायची टेस्ट असते, बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि डबीही बरोबर न्या, दाखवायला. सोमवारी जातायत.