एका मुडद्यामागे एक वात

आमच्या आईला त्या सिनेमाला नेण्यात माझा काडीचाही हात नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. बहीण फोनवर अजून तेच विचारते आहे, म्हणून.

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत भाचा पुण्याहून आला. तो व्हिडिओ एडिटिंगचं काहीतरी करतो. म्हणजे नक्की काय करतो ते मला तीनदा सांगून झालंय. भाऊबीजेला दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, तो संध्याकाळी एकदम वर बघून म्हणाला, "मामा, उद्याची तीन तिकिटं काढलीत. तू, मी आणि मामी." मामी हुशार. तिनं आधी पोस्टर बघितलं. पोस्टरवर तलवार घेतलेली एक बाई, तिच्यामागे घोडा, घोड्यामागे आग आणि आगीत काळा गॉगल घातलेली एक कवटी. "मला उद्या फराळाचे डबे घासायचेत," मामी म्हणाली. हे डबे आमच्याकडे दर संकटात घासायला निघतात.

तिकिटाचे पैसे परत मिळत नव्हते. तेवढ्यात आतून आई म्हणाली, "मी येते की. देवीचाच आहे ना?"

सिनेमाच्या नावात देवीचं एक नाव होतं, त्यात आईची काय चूक? भाच्यानं मला डोळ्यानं खुणावलं, मी त्याला खुणावलं आणि तू सांग, तू सांग करता करता कुणीच सांगितलं नाही. शिवाय आईचा हिशेब वेगळा होता. त्रिपुरी पौर्णिमा बारा दिवसांवर आलेली. त्या रात्री ती गोदाघाटावर साडेसातशे वातींची जुडी लावते. तयार जुडी बाजारात मिळते, पण ती यंत्रावरची, आणि यंत्राला कुठलं आलंय पुण्य! घरात पाहुण्यांच्या गडबडीत तिच्या वाती रखडल्या होत्या. "तीन तास एका जागी बसायला मिळेल, वर गारेगार. शंभरेक तरी होतील," असं म्हणून तिनं पिशवीत कापसाचा पेळू आणि भस्माची डबी टाकली.

पंचवटीतून निघालो, व्हिक्टोरिया पुलावर वीस मिनिटं उभे राहिलो, रविवार कारंज्यावर पंधरा. कॉलेज रोडला पोचेपर्यंत आईच्या रिक्षातच अकरा वाती झाल्या होत्या.

थिएटरच्या दारात पिशवी तपासली. चकल्यांचा डबा लगेच जप्त झाला. त्याचं दुःख नाही, तो जप्त होणार हे धरूनच वरच्या थरात मोडक्या चकल्या भरल्या होत्या. पण कापसापाशी गाडी अडली. "हे काय आहे?" "कापूस." "कशाला?" "वातीला." पोरगा बिचारा साहेबाला घेऊन आला. साहेबांनी भिंतीवरची पाटी वाचली. बाहेरचे खाद्यपदार्थ, शस्त्रं, ज्वलनशील पदार्थ. कापूस यातल्या कशात बसतो यावर दोघांची चर्चा झाली. शेवटी आईनंच निकाल दिला, "बाळा, तेलाशिवाय वात पेटते होय?" साहेब बाजूला झाले. पुढच्या दारावर सिनेमा प्रौढांसाठीचा म्हणून भाच्याचं आधार कार्ड मागितलं आणि तो तिकीट फाडणारा आईकडे बघत राहिला. "आजी, पिक्चर अठराच्या वरचा आहे बरं का." आई शहात्तरची. म्हणाली, "माझे अठरा चारदा भरून वर चार उरतायत."

आता सिनेमा.

पहिली आठ मिनिटं एक माणूस वाळवंटातून चालत येत होता. हॅट, लांब कोट, बुटाच्या टाचेला चाक. राजस्थानात असल्या कोटात माणूस उकडून मरेल, पण तो शांतपणे चालत होता. एक माशी त्याच्या गालावर बसली. माशी दिसली, मग माशीचा डोळा दिसला, मग त्या डोळ्यात तो माणूस दिसला. मग पडदा काळा झाला आणि लाल अक्षरं आली : अध्याय तिसरा.

"पहिले दोन कुठं गेले?" आई म्हणाली. "आपण उशिरा आलो का रे?"

"नॉन-लिनिअर आहे आजी," भाचा कुजबुजला. "आधीचं नंतर दाखवतात."

"पोथीचा तिसरा अध्याय आधी वाचला तर काय करतात, माहितीये?"

"काय?"

"परत पहिल्यापासून वाचतात."

ही शक्यता मनात घेऊन मी पुढचे पावणेतीन तास काढले.

मला मारामारीचं वावडं नाही, हे इथं नमूद करू द्या. मधुकर, हेमलता, दामोदर या थिएटरांत पुढच्या रांगांत बसून वाढलेला मी माणूस. आमच्या वेळी हिरोच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल सुतळीएवढा ओघळ आला, की सगळं थेटर कळवळायचं आणि हिरॉइन पदर फाडायची. एवढ्याशा रक्ताला एवढी किंमत होती. इथं पहिल्याच अध्यायात, म्हणजे तिसऱ्यात, त्या हॅटवाल्यानं सरायातली नऊ माणसं मारली. एकाचा हात उडाला, तो हवेत फिरत फिरत आला आणि हातातल्या पेल्यासकट टेबलावर नीट बसला. पेला सांडला नाही. मागे तबला वाजत होता.

"मेला!" आई म्हणाली. शिवी होती की बातमी, अंधारात कळलं नाही.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की पडद्यावर माणूस पडला की शेजारी तळव्यावर तळवा घासल्याचा आवाज येतो. मुद्दाम नव्हे; पण पाच-पन्नास वर्षं हाताला लय लागलेली, तिनं समोरचा ताल धरला. तलवार खच्च, इकडे वात. तलवार खच्च, इकडे वात. बोटाला भस्म, पेळूतून चिमूटभर कापूस, एक ओढ, तळव्यावर एक पीळ, पदरात. एकेका माणसाला मरायला जेवढा वेळ लागत होता, तेवढ्यात व्यवस्थित होत होती.

आणि वेळ भरपूर लागत होता. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रं पळतात; कॅमेऱ्यानं शहाण्णव टिपली आणि चोवीसच्याच वेगानं दाखवली, तर एका सेकंदाचे चार होतात. हे मला भाच्यानंच शिकवलंय. या सिनेमात लोक जिना उतरतानासुद्धा चौपट वेळ घेत होते. एक बाई केस मागे सारते, चौपट. एक म्हातारा शिंकतो, चौपट. शिंकेचा थेंब न् थेंब दिसला. सगळे नेहमीच्या चालीनं चालले असते, तर मध्यंतरालाच घरी पोचून उरलेल्या चकल्या खाल्ल्या असत्या.

चौथा अध्याय (क्रमाने दुसरा) आला आणि घोडे गेले. आता जपानसारखं काहीतरी होतं, बर्फ पडत होता, हिरॉइन दोन हातांनी तलवार धरून उभी होती, अंगावर मात्र नऊवारी. मी विचारलं, हे कुठे? भाचा म्हणाला, "होमाज आहे रे मामा."

"होम?" आईचे कान टवकारले. "कधी आहे?"

"होम नाही आजी, होमाज. ट्रिब्यूट. जुन्या सिनेमांना श्रद्धांजली."

मग तो एकेका दृश्याला सांगत सुटला. हे इटलीत काढलेल्या घोडेवाल्या सिनेमांना. हे हाँगकाँगला, तिथे माणसं तारांना लटकवून उडवायचे. हे भुताच्या सिनेमांना. मधेच सगळं कार्टून झालं, ते कशाला तरी. माझी हरकत श्रद्धांजलीला नाही. पण दहा जणांचं श्राद्ध एकाच दिवशी, एकाच पानावर वाढलं, तर कावळा तरी कशाला शिवेल?

तो म्हणाला, "मामा, तुला मिसळ आवडते ना? मग ही सिनेमाची मिसळ समज." नाशिकच्या माणसाशी या विषयावर बोलू नये. अरे, मिसळीत खाली मटकी असते. ती आधी कुणीतरी भिजत घातलेली असते, मोड आणलेले असतात. इथं नुसता काळा रस्सा ओतत होते, वरून फरसाण, परत फरसाण.

आणि रक्त! लाल तर होतंच, पण बर्फावर गुलाबी, भुताच्या अध्यायात जांभळं. भाच्यानं माहिती पुरवली, की पूर्वी असलं रक्त साखरेचा पाक आणि खायचा रंग घालून करायचे, आता बरंचसं कॉम्प्युटरवर होतं. आई हळहळली. "एवढ्या पाकात आपल्या गल्लीचे गुलाबजाम झाले असते."

मला मात्र आमची रहाड आठवली. बाहेरगावच्यांना सांगतो, नाशकात रंगपंचमीला पेशवेकालीन हौद उघडतात, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर त्यावर फळ्या आणि माती, वरून गाड्या जातात, खाली हौद आहे याचा पत्ता नसतो. त्या दिवशी खणून काढायची, पूजा करायची, कढयांमधून उकळलेला रंग ओतायचा, आणि मग काठावरून धप्पा! अंग टाकून उडी. मी दहा वर्षांचा असताना तिवंध्याच्या रहाडीत मला मामानं ढकललं होतं. नाकात, कानात, दातांत रंग. पुढे दोन आठवडे कानामागची पिवळी रेघ गेली नाही. गणिताच्या मास्तरांनी त्याच रेघेला धरून मला बाकावर उभं केलं.

या सिनेमात एवढा रंग उडाला आणि कुणालाच लागला नाही. हिरॉइन चाळीस माणसं कापून बाहेर येते, गालावर तिरका एक थेंब, जणू ब्यूटी पार्लरमधून मोजून लावलेला. पुढच्या दृश्यात तोही नाही. चाळीस जणांतल्या एकाच्याही घरी कुणी रडत नाही, कुणी विचारायला येत नाही, पोलीस नाही, डॉक्टर नाही, फरशी पुसणारी बाई नाही. मला कंटाळा नेमका कशाचा येत होता ते इथं सापडलं.

आईला ते माझ्या आधीच सापडलं होतं. पाचव्या अध्यायात व्हिलनच्या वाड्याबाहेर एक मिशीवाला पहारेकरी होता. फाटकापाशी स्टुलावर बसून त्यानं डबा उघडला. दोन पोळ्या, भाजी, कडेला लोणच्याची फोड. त्यानं पोळीचा तुकडा मोडला, आणि हिरॉइननं मागून येऊन त्याचा गळा चिरला. कॅमेरा तिच्या डोळ्यांवर गेला, गिटार वाजलं, टाळ्या पडल्या.

आईचे हात थांबले. "त्याचं जेवण राहिलं," ती म्हणाली.

"आजी, तो व्हिलनचा माणूस होता."

"असू दे. डबा कुणीतरी दिला असेल ना बांधून."

मग पुढची वीस मिनिटं, वाड्यात नाचगाणं, साप, एक तोफ आणि एक जुळा भाऊ येऊन गेला, तरी ती दर थोड्या वेळानं विचारत होती, "डब्याचं दाखवलं का काही?"

मध्यंतर झालं. एका पॉपकॉर्नच्या पैशात मी घरी आठवड्याची भाजी आणतो, हे मी मोठ्यानं बोललो आणि भाच्यानं ओळख नसल्यासारखं केलं. त्याचा उत्साह मात्र ओसरला नव्हता. "मामा, नोटिस केलंस? हॅटवाला, व्हिलन, जुळा भाऊ, सगळं एकाच ॲक्टरनं केलंय. असं कुणी केलंय आजवर?" आता मात्र मला राहवेना. म्हटलं, बाबा रे, आपल्या त्र्यंबकात जन्मलेल्या फाळक्यांनी १९१७ साली 'लंका दहन' काढला, त्यात साळुंके नावाच्या एकाच माणसानं राम केला आणि सीताही केली. त्याआधी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तोच तारामती झाला होता. बाया मिळत नव्हत्या म्हणून हॉटेलात काम करणारा पोरगा उभा केला. त्याचा राम पडद्यावर आला, की लोक पायातल्या चपला काढायचे. याच्या तिघांतल्या एकासाठी तरी काढल्यास का तू?

भाचा पॉपकॉर्न चघळत म्हणाला, "हा तसा सिनेमाच नाहीये."

तेच तर म्हणतोय मी!

मध्यंतरानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यातच आठवतंय. हिरॉइन मरते, भूत होऊन येते, भुताला तलवार धरता येत नाही म्हणून मांत्रिक येतो, मांत्रिकाच्या हाती सहा गोळ्यांचं पिस्तूल, त्यातून त्यानं एकतीस झाडल्या. मी मोजल्या, दुसरं काम नव्हतं. मग देवळासमोर मशीनगन निघाली. एका दमात शे-पाऊणशे माणसं ओळीनं आडवी व्हायला लागली. आईची तारांबळ उडाली. भस्म सांडलं, पेळू मांडीवरून घसरला, एक वात अर्धी असताना पंधरा जण पडलेले. शेवटी तिनं हात वर करून पडद्यालाच सांगितलं, "जरा दमानं घे रे बाबा!"

पुढच्या चार रांगा मागे वळल्या. तीन तासांत थेटरात सगळे एकदम हसले ते तेव्हाच.

सगळ्यात शेवटी पडद्यावर आलं : अध्याय पहिला. त्यात छोटी मुलगी, अंगण, तुळस, आणि दूर धुळीत घोडेस्वार. मी सरसावून बसलो. म्हटलं, आता कळेल, एवढं सगळं कशासाठी चाललं होतं. घोडेस्वार अंगणात आला. खाली उतरला. चौपट वेळ घेऊन उतरला. त्यानं तोंड उघडलं, आणि पडदा काळा. भाग पहिला समाप्त.

परत येताना रिक्षात कुणी बोलत नव्हतं. भाचा मोबाइलवर त्या सिनेमाला किती तारे द्यावेत याचा विचार करत होता. साडेचार आणि पाच यांच्यात अडकला होता. गोदावरीवरून थंड वारा आला. आईनं पदर सोडला आणि पुलावरच्या दिव्यांच्या उजेडात वाती मोजायला घेतल्या. दहा-दहाचे गठ्ठे, प्रत्येकाला दोऱ्याचा फेर.

"त्या डबेवाल्याची यातली कुठली, ते काही आता सांगता यायचं नाही," ती स्वतःशीच म्हणाली. मग बोटांवर हिशेब केला.

"एकशे त्रेचाळीस झाल्या. अजून सहाशे सात." आणि भाच्याकडे वळून, "दुसरा भाग पौर्णिमेच्या आत येतोय का रे?"