पुणं स्वस्त, पण कुणाला?

"मुंबईत काय ठेवलंय? पुण्यात या, निम्म्यात संसार होतो." डोंबिवली-बदलापूरकडच्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी मावसभाऊ हे बोलून गेलेला असतो. आमच्याकडेही बोलून गेला. डोंबिवली सोडून आम्ही पुण्यात वाकडला भाड्याने राहायला आलो. दोन्हीकडचा महिना चालवून पाहिल्यावर माझं मत असं झालंय, की ही तुलनाच भलत्या घरांची होते.

पुण्याची बाजू घेणारा माणूस मुंबई म्हटलं की दादर, पार्ले, फार तर अंधेरी धरतो. तिथलं वन बीएचकेचं भाडं ऐकल्यावर बाणेर-वाकड स्वस्त वाटणारच. पण नव्याने संसार मांडणारं नोकरदार कुटुंब दादरला भाड्याने राहतं कुठे? ते कधीच कल्याण, डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याला सरकलंय. तिथलं भाडं आणि आयटीवाल्यांच्या पुण्यातलं भाडं शेजारी शेजारी ठेवा. वाकडच्या टू बीएचकेला आम्ही जे मोजतो, त्यात डोंबिवली पूर्वेला तेवढंच घर मिळून वर महिन्याचा किराणा सुटला असता.

भाज्या, दूध, किराणा यांत फरक शोधत बसू नका. चटका दोन्हीकडे सारखाच आहे.

खरा फरक प्रवासात आहे. कल्याण ते सीएसएमटी पन्नासच्या वर किलोमीटर, आणि सेकंड क्लासचा महिन्याचा पास आजही चारशेच्या आत. इकडे पीएमपीएमएल बसचा मासिक पास जून 2025 मध्ये 900 वरून थेट 1500 झाला. कमीत कमी तिकीट पाचाचं दहा झालं. (बेस्टनेही त्याच्या आदल्याच महिन्यात तेच केलं, तेव्हा मुंबईकरांनी फार हसू नये.) बरं, पंधराशे भरून बस वेळेवर यावी, तर तेही नाही. मग पुणेकर काय करतो? गाडी घेतो. एक नवऱ्याची, एक बायकोची, मुलगी अठराची झाली की तिची. हप्ता, शंभरीपार पेट्रोल, विमा, पीयूसी, सर्व्हिसिंग आणि पावसाळा संपला की खड्ड्यांनी खाल्लेले शॉकअप. एवढं झाल्यावर "पावसात लहान मुलं घेऊन टू-व्हीलरवर कसं जायचं" म्हणून चारचाकी. हा सगळा पैसा राहणीमानाच्या हिशेबात कुणी धरतच नाही, तो 'हौस' या खात्यात जातो. हौस कसली? वाकडहून शहराच्या दुसऱ्या टोकाला, खराडीला रोज जाणाऱ्या माणसाची ती मजबुरी आहे. मुंबईत चांगल्या पगाराचा माणूसही आयुष्यभर गाडीविना राहतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

मेट्रो 6 मार्च 2022 ला सुरू झाली. वनाज-रामवाडी किंवा पिंपरी-स्वारगेट मार्गाच्या कडेला घर आणि ऑफिस दोन्ही असेल, तर तुम्ही नशीबवान. नसेल तर स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षा, पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये. डोंबिवली स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग असते, तशी सोय इथे मोजक्याच मार्गांवर.

आता कुणी म्हणेल, मग परत जा की डोंबिवलीला. तर तेही सोपं नाही. लोकलच्या पासावर छापलेली रक्कम अर्धीच असते, उरलेली अंगातून वसूल होते. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं रुळांवर पडली, काही जिवानिशी गेली. दाराला लटकून जाणाऱ्यांच्या जिवावर तो प्रवास स्वस्त राहिलाय. म्हणून 'लोकल परवडते' हे वाक्य माझ्या तोंडून पटकन निघत नाही.

पाण्याचं तर बोलायलाच नको. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं उशाशी, आणि आमच्यासारख्या उपनगरी सोसायट्यांत उन्हाळाभर टँकर. ते बिल मेंटेनन्समध्ये येतं, त्यामुळे भाड्याची चौकशी करताना ते कानावर पडत नाही.

सरकारचाही यात एकमेळ नाही. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी 1 एप्रिल 2015 पासून पुण्याला मुंबईच्याच वर्गात, 'एक्स'मध्ये, बसवलं. त्यानंतरही आयकरात घरभाड्याच्या सवलतीची मर्यादा मोजताना वर्षानुवर्षे मुंबईला पगाराचे 50 टक्के आणि पुण्याला 40 धरले जात होते. घर विकत घ्यायला जा, तर मुद्रांक शुल्क मुंबई शहरात 6 टक्के, पुण्यात 7. शिवाय मुंबई महापालिकेच्या हद्दीत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घराला 2022 पासून मालमत्ता कर माफ.

घर मात्र पुण्यात मोठं मिळतं, हे मान्य. वडिलोपार्जित फ्लॅट असेल, ऑफिस सायकलवर जाण्याइतकं जवळ असेल, तर पुण्यासारखं सुख नाही. तसे लोक 'पुणं स्वस्त' म्हणतात तेव्हा खरंच बोलत असतात, फक्त स्वतःपुरतं.

मला राग कंपन्यांचा येतो. तेच काम, तेच तास, पण पुण्याच्या ऑफिसला पगार कमी, कारण 'तिथे खर्च कमी'. कुणाचा खर्च मोजून ठरवलं हे? भाच्याला नुकतीच पुण्याची ऑफर आली, तेव्हा त्याला सांगितलं: भाडं, डिपॉझिट, गाडीचा हप्ता आणि पेट्रोल कागदावर मांड आणि तो कागद घेऊनच पगाराचं बोलायला बस. त्याने तसं केलं. कंपनीने बेसिकला हात लावला नाही, पण प्रवासभत्ता वाढवून दिला.