साधंच काहीतरी

“सोमवारी रात्री जेवायलाच ये, साधंच काहीतरी करतो,” असं शुक्रवारी एका मित्राला बोलून बसलो. श्रावणी सोमवार, उपास सोडायचा, म्हणजे कांदा-लसूण बाद. डब्यात अलिबागहून आलेले कडवे वाल होते. भात कापल्यावर शेतात उरलेल्या ओलीवरच वाढणारं पीक. तिथे त्याचे फारसे लाड करावे लागत नाहीत. लाड घरी आल्यावर सुरू होतात.

“बिरडं करतो,” मी जाहीर केलं.

“डाळिंब्या म्हणतात,” बायको म्हणाली. ती पुण्याची. एवढी दुरुस्ती करून तिने या प्रकरणातून अंग काढून घेतलं. आईने चष्म्यावरून बघितलं. “तू करणार? कर हो.”

शुक्रवारी रात्री अर्धा किलो वाल भिजवले. शनिवारी उपसून फडक्यात घट्ट बांधले. पावसाळी हवेत त्या गाठोड्याला असा वास सुटला की वॉचमनने ड्रेनेजची चौकशी केली. रविवारी दुपारी मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून सोलायला बसलो.

वाल चिमटीत धरायचा, हलकेच दाबायचा, साल हातात राहते आणि डाळिंबी वाटीत पडते. आईच्या वाटीत पडते. माझी पहिली फ्रिजखाली गेली, दुसरी बायकोच्या चहात. तिसरीची दोन शकलं झाली. “मोडासकट अख्खी निघाली पाहिजे,” आई म्हणाली. दोन-चार डाळिंब्या सोलून दाखवल्या आणि गुडघ्याचं कारण सांगून ती मालिकेकडे वळली. तासाभरात माझी बोटं आमसुलासारखी सुरकुतली, पाठीचा कणा वेगळा जाणवू लागला. परातीत मात्र वाल होते तेवढेच. रात्री डोळे मिटले तरी वाल सुळकन निसटत होते.

सोमवारी प्रत्यक्ष स्वयंपाकाला वीस-पंचवीस मिनिटं लागली. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मग डाळिंब्या, झाकणावर पाणी. “डाव घालू नकोस, कढई हलव,” आतून आवाज. “आमसूल शिजल्यावर! आधी घातलंस तर दडदडीत राहतील.” शेवटी गोडा मसाला, गूळ, ओलं खोबरं. वास इतका सुंदर सुटला की मी सगळ्या वालांना माफ केलं.

मित्राने तीनदा वाढून घेतलं. “वा! आणि सोपं पण आहे ना हे? आमच्याकडे कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी सोललेलेच देतात. पिशवी आणायची की फोडणीला.”

मी आईकडे बघितलं. ती शांतपणे ताकभात कालवत होती.

“आपल्याकडेही मिळतात,” ती म्हणाली. “स्टेशनबाहेर.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस का? मला वाटलं, तुला साधंच करायचंय.”