‘एसीत बसून’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या १७ ध्येयांवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक बडोदेकर’ या नावाने तुम्ही लिहिलंत: ‘ही ध्येयं कुठल्याच देशावर बंधनकारक नाहीत, पैसा कुठून येणार ते कोणी सांगत नाही, तुमचा आकडाही चुकलाय. एसीत बसून मानवी हक्कांच्या गप्पा मारायला काय जातं?’

आकड्याचं खरं आहे. या ध्येयांखालची उद्दिष्टं १६९ आहेत, माझ्याकडून १९६ पडलं. दुरुस्त केलंय.

आता ‘एसीत बसून’. मतभेद असू द्या हो, पण ही काय बोलायची रीत झाली? मी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढले. बावीस वर्षं मुलींना शिकवलं. एका शाळेत मुलींच्या संडासाला कायम कुलूप, किल्ली ऑफिसात. सातवी-आठवीतल्या पोरी दिवसभर पाणी पीत नसत. पाळी सुरू झाली की एखादीचं येणं कमी व्हायचं, मग पटावरून नावच जायचं. किल्लीसाठी मी भांडले, तर ‘बाई, एवढंसं काय धरून बसलात’ हे ऐकून घ्यावं लागलं. पुढे २०१५ साली सहाव्या ध्येयात वाचलं, की स्वच्छतेच्या सोयी करताना बायका-मुलींच्या गरजांकडे विशेष लक्ष द्यावं. ती ओळ मी दोनदा वाचली. तो कागद तेव्हा हातात असता, तर ‘एवढंसं’ म्हणायला कोणाची जीभ रेटली नसती.

आणि कागदाला नावं ठेवता, तीही बडोद्यात राहून? सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, तो हुकूमही कागदावरच होता. पणजोबांना दंड भरायचा नव्हता, म्हणून माझी आजी शाळेत गेली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असे शब्द होते. तिथे ‘सर्व माणसं’ आलं ते भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहतांच्या आग्रहामुळे. त्याच पुढे आपल्या बडोद्याच्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. तो जाहीरनामाही बंधनकारक नव्हता, आणि ही १७ ध्येयं ज्यात आहेत तो २०३० चा कार्यक्रम आपला आधार म्हणून त्याचंच नाव घेतो. हे मूळ लेखात होतं.

पैसा, अंमलबजावणी हे मलाही कळतं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आज त्यात शिरत नाही.

मी माझ्या नावाने लिहिते. पुढच्या वेळी तुम्हीही नाव घालून लिहा, आणि आधी लेख शेवटपर्यंत वाचा.