वाढपी व्हायचंय? या, शिकवतो

राज्याच्या तिजोरीची वाटणी उद्या तुमच्या गळ्यात पडली, तर घाबरू नका. पंगत वाढता येत असेल तर हेही जमेल. पहिली पानं पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरच्या व्याजाची. महसुलातला निम्म्याहून अधिक वाटा तिथेच संपतो, त्यामुळे डोकं चालवावं लागत नाही. डोकं लागतं ते उरलेल्या पानांना.

नाही कुणालाच म्हणायचं नाही. महाराष्ट्राने 10 मार्च 2025 ला 7 लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडला, 45,891 कोटींच्या महसुली तुटीसकट. तरी काही राहून गेलंच. मग 30 जूनला 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. शाई वाळायला तेवढा वेळ पुरतो.

आता खरी युक्ती. लाडक्या बहिणींना दरमहा दीड हजार द्यायचेत, 2025-26 साठी 36,000 कोटी ठेवले, तरी ओढाताण झाली? पंगतीत गप्प जेवणारा कोण ते बघा आणि त्याच्या पानातली पोळी उचला. 2025 च्या एप्रिलच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी आणि आदिवासी विकासचे 335 कोटी असेच सरकवले. सामाजिक न्यायमंत्री भडकले. गरज नसेल तर खातंच बंद करा म्हणाले. मनाला लावून घेऊ नका. लाभार्थींत दलित-आदिवासी बहिणीही आहेत, असं सांगता येतं. भावाच्या वसतिगृहाचे पैसे बहिणीला दिले, घरातले घरातच राहिले की!

एक मात्र सांभाळा. तरतूद वेगळी, पैसा वेगळा. तरतूद भाषणात ओंजळीने वाटायची, पैसा 'बीम्स' या सरकारच्या ऑनलाइन निधिवाटप प्रणालीवर चिमटीने सोडायचा. वर्षभर खात्यांना ताटकळत ठेवा आणि मार्चअखेरीस एकदम नळ उघडा. 31 तारखेच्या रात्री एखाद्या कोषागारात डोकावून या. टेबलावर देयकांचे गठ्ठे, सर्व्हर बसलेला, लिपिकाच्या एका हातात वडापाव, दुसऱ्या हाताचं बोट माउसवर, आणि पाठीशी ठेकेदाराचा माणूस भिंतीवरच्या घड्याळाला नजर लावून. बारा वाजले की गठ्ठा तसाच राहतो, निधी परत जातो आणि खात्याच्या नावावर 'अखर्चित' असा शेरा बसतो.

हा शेरा जपून ठेवा. पुढच्या वर्षी ते खातं पुन्हा पान मांडून बसलं की तोच समोर धरायचा आणि मायेने विचारायचं, "अहो, गेल्या वेळचंच संपलं नाही तुमचं, यंदा एवढं वाढून घेऊन काय करणार?"